चांदी विकली, हरणी चारा खाईना

जिराईत | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न गोठ्यातला आहे. गावाकडे विचारला तर हसतील आणि ऑफिसात विचारला तर कुणाला कळणार नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

गाव माण तालुक्यात. मी पुण्यात नोकरीला, आई-आबा गावी. दावणीला दोन गाई, हरणी खिल्लार आणि चांदी जर्सी-संकरित. सात वर्षं दोघी शेजारच्या खुंट्यांना. रानात सोडल्या तरी चरायच्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून. चांदीची मान हरणी चाटायची, हरणीची मात्र चांदी कधी चाटायची नाही. आई म्हणायची, ही थोरली सून आणि ती धाकटी.

आबांचे गुडघे गेले, कडबा विकत घ्यायचा म्हणजे परवडत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात चांदी सांगोल्याच्या बाजारात विकली. संध्याकाळी रिकामा टेम्पो दारात आला तशी हरणी दाव्याला हिसके देऊन हंबरायला लागली आणि रात्रभर थांबली नाही. त्याला आज पाच दिवस झाले. आवाज बसलाय, आता नुसती रस्त्याकडे तोंड करून उभी असते. कडबा हुंगते आणि सोडते. दूध चार लिटरवरून दीडवर. चाऱ्याबरोबर तार वगैरे गिळली असेल म्हणून डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले ताप नाही, कास चांगली आहे, काही सापडत नाही.

आबा म्हणतात, "आठ दिसांत इसरंल." आई आबांशी बोलत नाही.

हे नक्की काय असतं? आणि करायचं काय?

---

कडबाकुट्टी | मंगळवार, रात्री १०:१५

माझ्याकडे चाळीस एचएफ (होल्स्टिन-फ्रीजियन) गाई आहेत, राहाता भागात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जनावराला सवय असते. शेजारी एक आकार उभा असायचा, तो गेला. दुसरा आकार आणून बांधा, काम झालं. गाय विकली की घरातली माणसं रडतात आणि मग गायही रडतेय असं त्यांना दिसायला लागतं.

पाणी पितेय ना? मग गूळ-मीठ घालून आंबोण द्या आणि दूध पूर्ण काढा. दीड लिटर असलं तरी कासेत ठेवू नका, नाहीतर कास सुजून दगडी होऊन बसेल.

---

चुलीपाशी | मंगळवार, रात्री ११:०२

शेवटचं वाक्य खरं आहे, बाकीचं पटलं नाही.

---

निवृत्त_पशुवैद्य | बुधवार, सकाळी ६:३०

जिराईत, डॉक्टरांना आधी बोलावलंत हे बरं केलंत. गाय चारा सोडते तेव्हा पहिला संशय आजाराचाच घ्यायचा. "विरहाने खात नाही" म्हणून सोडून दिलेल्या गाईच्या पोटात खिळा निघालेला मी पाहिलाय. अजून तीन दिवस अशीच राहिली तर पुन्हा तपासून घ्या.

आता कडबाकुट्टींच्या "आकारा"बद्दल. हे तपासून पाहिलेलं आहे. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन विद्यापीठात क्रिस्टा मॅक्लेनन या संशोधिकेने दुभत्या गाईंवर काम केलं, २०१३ साली तिचा प्रबंध आला. गाईला कळपापासून अर्धा तास वेगळं ठेवायचं, एकदा तिच्या आवडत्या सोबतिणीबरोबर, एकदा कळपातल्याच पण जिच्याशी फारसं सख्य नाही अशा गाईबरोबर, आणि ठोके मोजायचे. सोबतीण असताना ठोके कमी राहिले. शेजारी गाय दोन्ही वेळा होतीच. नुसत्या आकाराने भागत असतं तर फरक पडला नसता.

मेंढ्यांवर तर याहून पक्कं काम आहे. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम संस्थेत कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवते. पुढे त्याच गटाने एकट्या कोंडलेल्या मेंढीला ओळखीच्या जातीच्या मेंढीचा फोटो दाखवला. नुसता फोटो! तरी तिचं ओरडणं, ठोके आणि रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, खाली आलं.

करायचं काय? हरणीला एकटी ठेवू नका. शेजाऱ्याची गाय किंवा म्हैस, जिला ती रानात बघत आलीय, ती आणून बांधता आली तर उत्तम. सुरुवातीला चांदीच्या खुंट्याला नको, थोडं अंतर ठेवून, एकमेकींना दिसेल अशी. खुंटा रस्त्याच्या बाजूला असेल तर बदलू नका, ठाण बदललं की अजून बिघडेल. चारा आईंनी स्वतः हाताने घालावा.

---

बिनपगारी | बुधवार, सकाळी १०:२०

ठोके कमी झाले म्हणजे "मैत्री" आणि वाढले म्हणजे "दुःख" हे कुणी ठरवलं? माणसाचे ठोके लिफ्टमध्ये अडकल्यावरही वाढतात. त्याला आपण विरह म्हणत नाही.

---

निवृत्त_पशुवैद्य | बुधवार, दुपारी १:०५

शब्द सोडून द्या. मी "दुःख" म्हटलंच नाही. गाय काय सोडते ते बघा. भूक लागलेली असताना चारा सोडते, रवंथ सोडते, बसणं सोडते. ज्या जनावराचं सगळं आयुष्य पोट भरण्यात जातं, ते पाच दिवस गव्हाणीकडे पाठ करतं. त्याला नाव तुम्ही द्या, मी दुधाच्या लिटरमध्ये मोजतो.

---

बिनपगारी | बुधवार, दुपारी १:३०

हे चालेल.

---

चुलीपाशी | बुधवार, दुपारी ३:४५

माझं माहेर करवीर तालुक्यातलं. घरी तीन म्हशी. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका म्हशीचं रेडकू दहाव्या दिवशी गेलं. म्हशीने पान्हा चोरला. आजोबा धार काढायला बसले की ती मागचे पाय झाडायची, सडाला हात लावू द्यायची नाही.

मग आजोबांनी कुणाला तरी बोलावून त्या रेडकाचं कातडं सोडवून घेतलं, त्यात पेंढा भरला, चार काटक्या पायांच्या जागी. डोळे नव्हतेच. त्यावर मिठाचं पाणी शिंपडून ते म्हशीपुढे ठेवायचे. म्हैस ते चाटायची आणि चाटता चाटता दूध सोडायची. मी दाराआडून बघायचे. मला म्हशीची दया यायची आणि आजोबांचा राग. चहात तेच दूध असायचं आणि मी तो प्यायचे, हे पण खरं.

पुढे ते पेंढ्याचं रेडकू पावसात कुजलं. तोवर म्हैस आजीच्या हाताला लागली होती. आजी धारेला बसताना एकच ओवी म्हणायची, बहुतेक त्याच चालीवर म्हैस पान्हवायची. आजी गावाला गेली की दूध निम्मं.

कोल्हापुरात गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशी डोळ्यांदेखत पिळून धारोष्ण दूध देतात. एवढ्या गर्दीत त्या पान्हा सोडतात कशा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. डॉक्टर, सांगता का?

---

निवृत्त_पशुवैद्य | बुधवार, रात्री ८:५०

सवय आणि विश्वास. आतली यंत्रणा सांगतो, मग गंगावेशचंही कळेल.

दूध कासेत बादलीसारखं भरलेलं नसतं. बरंचसं वरच्या बारीक पेशींच्या पुंजक्यांत अडकलेलं असतं. वासरू ढुशी मारतं, हुंगतं, गाय त्याला चाटते, तेव्हा मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते पुंजके आवळले जाऊन दूध खाली येतं. हाच पान्हा. ऑक्सिटोसिनचा जोर काही मिनिटंच टिकतो, म्हणून धार झटपट काढावी लागते. संकरित गाईच्या कासेत खालच्या पोकळीत काही दूध आधीच उतरलेलं असतं. म्हशीत ते जेमतेम ५ टक्के, बाकी सगळं वर. म्हणून म्हैस रुसली की भांडं कोरडं. घाबरलेल्या जनावरात अॅड्रिनलिन वाढतं आणि ते पान्हा अडवतं. म्हैस "चोरते" असं आपण म्हणतो, पण मनात असलं तरी तिला तेव्हा सोडता येत नाही.

हा इशारा फक्त वासराचाच हवा असं नाही. ओळखीचा हात, आंबोणाची पाटी, भांड्याचा आवाज, आजीची ओवी, काहीही चालतं, रोज तेच असलं म्हणजे झालं. कट्ट्यावरच्या म्हशींना मालकाचा हात म्हणजेच वासरू.

कातडं दाखवण्यापेक्षा लोकांनी पुढे वाईट उपाय काढला, सरळ ऑक्सिटोसिनची सुई. दोन वेळा, रोज. २०१८ मध्ये केंद्राने खाजगी कंपन्यांना हे औषध बनवायला मनाई केली होती. बाळंतिणीच्या रक्तस्रावावर तेच औषध लागतं, त्यामुळे प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. जनावराला वैद्यकीय कारणाशिवाय ही सुई देऊ नये, हे माझं मत तेव्हाही होतं, आताही आहे. सुई लागलेली म्हैस पुढे हाताला पान्हवतच नाही.

---

कळपाबरोबर | गुरुवार, सकाळी ७:१०

मेंढ्यांचा विषय निघाला म्हणून. आमचं घर मेंढपाळाचं. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणारा आमचा तळ, कोकणाच्या बाजूला उतरायचा. मी शाळेमुळे सुट्टीपुरताच जायचो.

दिवसा मेंढ्या चरायला जातात, लहान कोकरं वाड्यावर वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, ठेवतात. संध्याकाळी कळप परत येतो तेव्हा वाघर उचलायची. शे-दीडशे कोकरं एकदम सुटतात आणि तितक्याच आया. पाच मिनिटं नुसता कालवा. तुम्हाला वाटेल आता यातून कोण कुणाला सापडणार. पण दहा मिनिटांत सगळी शांत, ज्याची त्याला लागलेली. आई आधी आवाजावर येते, शेवटी शेपटीखाली हुंगते. वास जुळला तरच पाजते, नाहीतर डोक्याने उडवून लावते.

हा वास मेंढी व्याल्यावर पहिल्या एक-दोन तासांत पक्का करते. तेवढ्यात तिचं कोकरू मेलं आणि पोरकं दुसरं हाताशी असलं तर म्हातारी माणसं मेलेल्याची वार (जार) आणि अंगावरचा ओलावा पोरक्याच्या अंगाला चोळून तिच्यापुढे ठेवायची. दुसऱ्या दिवशी केलं तर उपयोग नाही. माझी आजी म्हणायची, "मेंढीचं दार एकदाच उघडतं."

एकटी मेंढी कधी विकू नये असं आमच्यात मानतात. घेणाऱ्याला म्हणतात, दोन ने, एकीचे पैसे पुढल्या फेरीला दे.

---

कोथरूडची_माऊ | गुरुवार, सकाळी ११:३०

"एकीचे पैसे पुढल्या फेरीला" हे फार आवडलं.

थोडं अवांतर. आमचा लॅब्रेडॉर लॉकडाऊनमध्ये पिल्लू म्हणून आला. दोन वर्षं आम्ही चोवीस तास घरात. मग ऑफिसं सुरू झाली आणि याने दाराची चौकट कुरतडली, शेजाऱ्यांनी सोसायटीकडे तक्रार केली. घरी आल्यावर तो कान पाडून कोपऱ्यात बसायचा म्हणून आम्हाला वाटायचं, केलेलं कळतंय ह्याला. ओरडायचो. वाढतच गेलं.

---

निवृत्त_पशुवैद्य | गुरुवार, दुपारी १२:१५

कान पाडणं हे तुमच्या चेहऱ्याला दिलेलं उत्तर. चार तासांपूर्वीच्या चौकटीशी त्याचा संबंध तो लावत नाही. उलट "दार उघडलं की मार" एवढंच शिकतो आणि तुमची येण्याची वेळ झाली की अजून घाबरतो.

मोबाइलचा कॅमेरा लावून बघा. या कुत्र्यांचा सगळा गोंधळ बहुधा तुम्ही गेल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात असतो. नंतर दमून पडतात. म्हणजे शिकवायचा आहे तो पहिला अर्धा तास. किल्ल्या उचलायच्या आणि जायचं नाही. चप्पल घालायची आणि टीव्ही बघत बसायचं. मग एक मिनिट बाहेर, मग तीन. ओरडायला लागायच्या आत परत यायचं. महिने लागतात. फार वाढलं असेल तर औषधंही आहेत, माणसांना नैराश्यावर देतात त्यातलीच काही, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि या शिकवणीबरोबर.

---

कोथरूडची_माऊ | गुरुवार, दुपारी १२:४०

किल्ल्या! आम्ही किल्ल्या उचलल्या की तो थरथरायला लागतो, हे आत्ता लक्षात येतंय.

(नावात माऊ असून घरी कुत्रा का, हे विचारू नये.)

---

धुरकरी | गुरुवार, रात्री ९:२०

बैलाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून.

जोडीतल्या बैलाला बाजू असते. डाव्या अंगाचा डावीकडे, उजव्या अंगाचा उजवीकडे. बारा वर्षं वडिलांनी एकच जोडी हाकली. डावा गेला तेव्हा उजव्याला नवा जोडीदार आणला. पहिले दोन आठवडे जू मानेवर घेईना. घेतलं तरी चालताना डोकं डावीकडे वळवून बघायचा आणि नांगराचं तास वाकडं जायचं. वडील चिडायचे नाहीत. म्हणायचे, बघू दे त्याला, बघून झालं की चालंल.

बघून झाल्यावर चालला, पण पहिल्यासारखा नाही. वळणावर आधी डावा पाऊल आत घ्यायचा आणि हा फिरायचा, ते जुळून यायला दोन वर्षं गेली असतील. एकट्या बैलाला बाजारात जोडीच्या निम्मी किंमतही येत नाही ती उगाच नाही. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की अर्धं कसब गेलेल्याबरोबर गेलं.

---

कडबाकुट्टी | शुक्रवार, पहाटे ५:१५

धार काढून झाली, म्हणून आता लिहितो.

सगळ्यांनी मला दगड समजून लिहिलंय. माझ्या गोठ्यात वासरू जन्मलं की पहिल्या तासाभरात आईपासून बाजूला घेतो. का, ते सांगतो. चीक मी बाटलीने पाजतो, मोजून. वासराला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातूनच. आणि आतडं ती पहिल्या चोवीस तासांतच घेतं, जसा वेळ जाईल तसं कमी. आईखाली सोडलं तर किती प्यालं कळत नाही. शिवाय आईच्या शेणातून होणारे आजार टळतात. आणि हो, दूध विकायचं असतं, ते लपवत नाही.

दुसरं, पहिल्या दिवशी वेगळं केलं तर गाय थोडी हंबरते आणि गप्प होते. चार दिवस चाटू-पाजू दिलं आणि मग काढलं तर दोन दिवस गोठा डोक्यावर घेते. मी दोन्ही करून बघितलंय. मग दया कुठली म्हणायची?

पण एक कबूल करतो. आधी मी वासरं एकेक वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचो, हगवण पसरू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी जागा कमी पडली आणि दोन-दोन ठेवली. जोडीतली खुराक लवकर खायला लागली, आणि मुक्त गोठ्यात सोडली तेव्हा भेदरून कोपरा धरून बसली नाहीत. आता जोडीनेच ठेवतो. माया म्हणून नाही, वजन चांगलं येतं म्हणून.

---

चुलीपाशी | शुक्रवार, सकाळी ९:००

कारण काहीही असो, जोडीने ठेवता ना, झालं तर.

---

निवृत्त_पशुवैद्य | शुक्रवार, सकाळी ९:४५

कडबाकुट्टींचं निरीक्षण बरोबर आहे. बंध घट्ट झाल्यावर तोडला तर ओरडा जास्त होतो, हे अभ्यासांतही दिसलंय. पण त्यावरून "म्हणून लगेच तोडा" एवढाच निष्कर्ष निघतो असं नाही. तोडायचं कसं, हाही प्रश्न आहे.

कॅनडात सस्कॅचेवान विद्यापीठात मांसाच्या गाईंच्या वासरांवर प्रयोग झाला, २००५ मध्ये छापून आला. नेहमी वासरू आईपासून नेतात तेव्हा त्याचं दूध आणि आई एकाच दिवशी तुटतात. त्यांनी ते वेगळं केलं. चार-पाच दिवस वासराच्या नाकात प्लास्टिकची पट्टी. आईजवळच राहायचं, चाटून घ्यायचं, चरायचं, फक्त पिता येत नाही. मग पट्टी काढून वेगळं केलं. ओरडणं ९५ टक्क्यांहून जास्त घटलं, सैरभैर फिरणंही खूप कमी झालं.

---

धुरकरी | शुक्रवार, सकाळी १०:१०

आमच्याकडे खोंडाच्या म्होरकीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीला, बाभळीचे काटे बांधायचे. प्यायला गेला की गाईला टोचायचे आणि तीच लाथ मारायची. खोंड आईजवळच असायचा. म्हणजे प्लास्टिक यायच्या आधी आम्ही कॅनडात होतो.

---

निवृत्त_पशुवैद्य | शुक्रवार, सकाळी १०:२५

अर्धं श्रेय द्यायला हरकत नाही. अर्धं त्या गाईच्या सडांना विचारून.

जिराईत, तुमच्या बाबतीत हाच धडा उलटा लागतो. चांदी गेली तेव्हा हरणीची शेजारीण, रानात जाण्याची जोड आणि बहुतेक फिरण्याचा नेमही एकाच दिवशी गेला. आबा तिला रानात नेतात का अजून?

---

जिराईत | शुक्रवार, रात्री १०:३०

नाही नेत. एकीसाठी कोण जाणार, आणि गुडघे. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आईला फोन केलाय. शेजारच्या तात्यांचा मुलगा त्यांची गुरं नेतो, त्याच्याबरोबर उद्यापासून धाडणार. तात्यांची एक वर्षाची कालवड आहे, हरणीला ओळखते. चार महिन्यांसाठी आमच्याकडे बांधा म्हणालेत, चारा अर्धा-अर्धा.

---

जिराईत | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ७:१५

धागा वर काढतोय. मधे डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही काही निघालं नाही. गावी जाऊन आलो.

रानात जायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी हरणी पोटभर चरली. दूध तीन लिटरवर आलंय, चारवर नाही. कालवड आधी लांब बांधली होती, आता शेजारी आहे, पण चांदीच्या खुंट्याला बांधली की हरणी शिंगं रोखते. एक खुंटा सोडून बांधली तर चाटते. मधली जागा मोकळीच. आबा रोज तिथलं शेण नसतानाही झाडतात.

आईच्या हट्टापायी आबांनी चांदी घेणाऱ्याला फोन लावला. जत तालुक्यातला माणूस, चांगला बोलला. म्हणाला, पहिले दोन दिवस दूध दिलं नाही, आता म्हशीशेजारी बांधलीय, झकास खाते. आबा म्हणाले, "बघ, म्हणलं नव्हतं?" आईने आनंदाने ऐकलं आणि नंतर चुलीपुढे बराच वेळ काही बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "इतक्या लवकर?"

---

कडबाकुट्टी | रविवार, सायंकाळी ७:५०

तीन लिटर म्हणजे चांगलं आहे. वेत पुढे सरकलंय, म्हणजे व्याल्याला दिवस झाले की दूध कमीच होतं, चारची आशा धरू नका.

---

चुलीपाशी | रविवार, रात्री ८:०५

कालवडीचं नाव काय ठेवलंत?

---

जिराईत | रविवार, रात्री ८:२०

आई ठेवू देत नाही. चार महिन्यांनी परत द्यायचीय म्हणते.